दोन मिनिटं आणि वीस दात

तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत बहुतेक मुलांच्या तोंडात दुधाचे सगळे दात आलेले असतात. वर दहा, खाली दहा. प्रत्येक दाताची गालाकडची एक बाजू, जिभेकडची एक बाजू आणि आठ दाढांचे चावायचे पृष्ठभाग मोजले, तर घासायच्या जागा होतात 48. दात घासायला सांगितला जाणारा वेळ दोन मिनिटांचा, म्हणजे 120 सेकंद. एका जागेच्या वाट्याला येतात अडीच सेकंद. त्यातही मूल जीभ मध्ये घालणार, ओठ आवळून घेणार, ब्रश चावणार, मध्येच काहीतरी सांगायला तोंड उघडणार. मुलांसाठी इलेक्ट्रिक ब्रश घ्यावा का आणि कोणता घ्यावा, या प्रश्नाचं उत्तर या अडीच सेकंदांत आहे. त्या एवढ्याशा वेळात दात खरोखर स्वच्छ व्हावा, यासाठी जे उपयोगी पडेल तेच बघायचं. डब्यावरचं बाकी सगळं नंतर.

विजेवर चालणारा, बाजारात यशस्वी झालेला पहिला ब्रश 1954 साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाला. तो मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांसाठी होता: ज्यांना हाताची हालचाल नीट जमत नाही आणि ज्यांच्या दातांना तारा लावलेल्या आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तीन-चार वर्षांच्या मुलाचा हातही अजून घडत असतो. मनगट बारीक वळवणं, दाताच्या आतल्या बाजूला ब्रश तिरका धरणं, दाब कमी-जास्त करणं हे त्याला जमत नाही, आणि न जमणं अगदी स्वाभाविक आहे. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनीच घासावेत असं सांगतात, ते याचसाठी. ज्या मुलाला स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधता येत नाही, त्याला स्वतःचे दातही नीट घासता येत नाहीत, ही जुनी खूण अजूनही कामाची आहे.

इलेक्ट्रिक ब्रश या हाताची एक उणीव भरून काढतो आणि एक तशीच ठेवतो. हालचाल तो देतो. कुठे घासायचं, ते मात्र देत नाही. गोल डोक्याचा ब्रश मिनिटाला हजारो वेळा अर्धवट डावी-उजवीकडे फिरतो, सोनिक ब्रश सेकंदाला दोनशे-अडीचशे वेळा थरथरतो. साध्या ब्रशने कुणाचाही हात एवढा चालणार नाही. पण मुलाने तो ब्रश दोन मिनिटं पुढच्याच चार दातांवर धरून ठेवला, तर पुढचे चार दात लखलखीत होतील आणि दाढा सकाळी होत्या तशाच राहतील. म्हणून हा ब्रश मुलाचा असला तरी तो घेताना मोठ्या माणसाच्या हाताचाही विचार करायचा. रोज रात्री कंटाळलेल्या, झोपेला आलेल्या मुलाच्या तोंडात तो कोण धरणार आहे? बहुतेक घरांत आई, बाबा किंवा आजी.

फायदा किती, याचं उत्तरही मोजून दिलेलं आहे. 2014 मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात 56 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. साध्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिक ब्रशने एक ते तीन महिन्यांत दातांवरचा प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, 11 टक्के कमी झाला आणि तीन महिन्यांनंतर 21 टक्के. हिरड्यांची सूज अनुक्रमे 6 आणि 11 टक्के कमी झाली. फरक खरा आहे, पण त्यावरून कीड किती कमी लागेल ते ठरवता येत नाही. कीड ठरते ती दिवसभरात गोड किती वेळा पोटात जातं, टूथपेस्टमध्ये फ्लोराइड आहे का आणि रात्रीचं घासणं चुकतं का, यांवर. तेव्हा ज्या घरात साध्या मऊ ब्रशने रोज दोनदा नीट दात घासले जातात, तिथे काही बिघडलेलं नाही. इलेक्ट्रिक ब्रश उपयोगी पडतो तो जिथे घासणं अर्धवट होतंय तिथे, किंवा ज्या मुलाला तोंडात फार वेळ हात घातलेला सहनच होत नाही त्याच्यासाठी.

वयाचं म्हणाल तर बहुतेक ब्रशांवर तीन वर्षांपासून पुढे असं लिहिलेलं असतं आणि ते पाळावं. त्याआधी लहान डोक्याचा, अगदी मऊ, साधा ब्रश पुरतो. दीड वर्षाच्या बाळाच्या दातांवरचा थर मऊच असतो. तिथे मोटरची नाही, धीराची गरज असते.

आता ब्रशाच्या डोक्याकडे बघू. खरेदीत सगळ्यात जास्त विचार इथे करायला हवा आणि सगळ्यात कमी तो इथेच होतो. दुधाच्या दोन खालच्या दाढा शेजारी शेजारी धरल्या तर त्यांची मिळून लांबी साधारण 18 मिलिमीटर भरते. ब्रशाचं डोकं याहून फार लांब असेल तर शेवटच्या दाढेपर्यंत जाताना ते गालात अडकतं, मुलाला ओकारी आल्यासारखं होतं आणि हात आपोआप मागे येतो. घासायची राहते ती शेवटची दाढ. पॅकिंगवरून अंदाज येत नसेल तर पट्टी लावून मोजावं, यात कमीपणा नाही. लांबीइतकीच जाडीही बघायची. तंतूंच्या टोकापासून डोक्याच्या पाठीपर्यंतचं अंतर जितकं कमी, तितकं ते वरच्या मागच्या दाढा आणि गाल यांच्यातल्या चिंचोळ्या जागेत सहज शिरतं. त्या जागेत ब्रश घालायचा तर मुलाने तोंड अर्धवट मिटायला हवं, ही युक्ती फारशी कुणी सांगत नाही. तोंड मोठं उघडलं की जबड्याचं हाड पुढे सरकतं आणि जागा आणखी अरुंद होते. किंचित मिटलं की गाल सैल पडतो.

गोल फिरणारं डोकं की लांबट थरथरणारं, यावर लोक वाद घालतात. चाचण्यांचा पुरावा गोल डोक्याच्या बाजूने अधिक आहे आणि ते लहानही असतं, एका वेळी एकच दात कवेत घेतं. मोठ्या माणसाने दुसऱ्याच्या तोंडात ब्रश चालवायचा असेल तर हे सोयीचं, कारण आपण कोणत्या दातावर आहोत ते कळतं. पण गोल डोक्याला खडखड जास्त आणि दातावर आपटल्यासारखं जाणवतं. सोनिकचा आवाज बारीक, एकसुरी गुणगुणल्यासारखा असतो, मात्र ओठाला आणि नाकाला गुदगुल्या होतात. ज्या मुलाला मिक्सरचा आवाज सहन होत नाही, त्याच्यासाठी सोनिक आधी बघावा. ज्याला अंगाला काही थरथरलेलं आवडत नाही, त्याच्यासाठी गोल. सोनिक ब्रश दात न शिवताही साफ करतो, असं सांगितलं जातं. त्याच्या थरथरीने तोंडातली लाळ घुसळली जाते हे खरं, पण त्यावर विसंबू नये. तंतू दाताला आणि हिरडीच्या कडेला टेकलेच पाहिजेत.

तंतू मऊ किंवा अतिमऊच हवेत. दुधाच्या दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, कायमच्या दाताच्या साधारण निम्म्या जाडीचं असतं. टोकं गोलाई दिलेली आहेत असं लिहिलंय का तेही पाहावं. कापून तशीच सोडलेली टोकं हिरडीला ओरखडतात. तपासायचा सोपा उपाय आहे: कोरडा ब्रश ओठाच्या आतल्या बाजूवर हलकेच फिरवा. टोचल्यासारखं वाटलं तर तो मुलाला नको. रबराच्या पाकळ्या लावलेली डोकी टाळलेली बरी, त्या जागी तंतू असते तर जास्त उपयोग झाला असता.

मूठ कशी असावी यात दोन हातांचा मेळ घालावा लागतो. मुलाच्या मुठीत बसायला ती जाड आणि रबरी हवी, पण जड नको. जड ब्रश मुलाच्या हातात खाली झुकतो आणि मग तो वरच्या दातांपर्यंत पोचतच नाही. खोक्यावर वजन लिहिलेलं असतं. त्यात सेल धरले आहेत की नाही तेही बघावं, कारण दोन पेन्सिल सेलांनीच जवळजवळ 45 ग्रॅमची भर पडते. बटण अंगठ्याच्या टोकाशी न येता थोडं बाजूला किंवा आत दबलेलं असावं. नाहीतर घासता घासता मूल ते दाबतं, ब्रश बंद पडतो, पुन्हा चालू होतो आणि घासणं राहतं बाजूला. तेच बटण फार घट्ट असेल तर मूल दोन्ही अंगठ्यांनी दाबतं आणि चालू झालेल्या ब्रशावरची सगळी टूथपेस्ट आरशावर उडते.

वीज कशी मिळते हा पुढचा मुद्दा, आणि तो वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. बदलायच्या सेलांवर चालणारा ब्रश सुरुवातीला बरा वाटतो. पण अल्कलाइन सेलाचा दाब 1.5 व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो आणि मोटरही तशीच हळूहळू मंदावते. रोज थोडी थोडी. घरात कुणाच्या लक्षातही येत नाही आणि दोन महिन्यांनी मूल प्रत्यक्षात साध्याच ब्रशने, तेही न हलवता, दात घासत असतं. चालू ब्रश नखावर हलका टेकवून बघावा. टेकवताच आवाज खाली बसला किंवा डोकं अडलं तर सेल बदलायची वेळ झाली. पुन्हा चार्ज होणाऱ्या ब्रशात, विशेषतः लिथियम-आयन बॅटरी असेल तर, वेग बराच काळ सारखा राहतो आणि मग तो सरळ थांबतो. हे चांगलं, कारण बिघाड दिसतो. चार्जरवर उभा ठेवताच, धातूची टोकं न जोडता चार्ज होणारा ब्रश न्हाणीघरासाठी सगळ्यात योग्य. उघड्या टोकांवर पाणी आणि टूथपेस्ट साचून गंज चढतो. पाणीरोधक दर्जा आयपीएक्स7 असेल तर ब्रश एक मीटर पाण्यात अर्धा तास राहू शकतो, म्हणजे नळाखाली धुवायला निर्धास्त.

एका बाबतीत मात्र अजिबात तडजोड करू नये. दिवे लागणाऱ्या काही छोट्या, हलक्या ब्रशांत नाण्यासारखे बटण सेल असतात. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर लाळेतून वीजप्रवाह वाहून तिथे अल्कली तयार होते आणि दोन तासांतही आतून खोल भाजतं. घरात लहान मूल असेल तर बटण सेलांचा ब्रश घेऊ नये. इतर सेलांचं झाकणही स्क्रू पिळून बंद होणारं असावं. नुसतं नखाने सरकणारं झाकण नको.

टायमर हवाच, तो दोन मिनिटांचा आणि दर तीस सेकंदांनी क्षणभर अडखळून खूण करणारा. वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा, खालचा उजवा, असे तोंडाचे चार भाग त्या खुणेवर सरकायचे. दोन वेग असतील तर सुरुवात मंद वेगाने. दाब जास्त झाला की दिवा लावणारी किंवा वेग कमी करणारी सोय असेल तर मोठ्यांना तिचा उपयोग होतो, कारण मोटरच्या ब्रशाला दाबायची गरज नसते हे हाताला शिकायला आठ-दहा दिवस लागतात. मोबाइलशी जोडणाऱ्या ॲपबद्दल मत स्पष्ट आहे: ब्रश किती वेळ चालला हे ते चांगलं सांगतं, दात किती स्वच्छ झाले हे सांगू शकत नाही. शिवाय झोपायच्या आधी हातात मोबाइल येतो. ते पैसे जास्तीच्या ब्रश-डोक्यांवर घालावेत. कार्टूनचं चित्र मात्र मुलाला निवडू द्यावं, त्यात काही गैर नाही. आधी मोठ्यांनी दोन-तीन योग्य ब्रश बाजूला काढायचे आणि त्यातला कोणता ते मुलाने ठरवायचं.

इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे, तोंडात धरून सगळे दात एकदम घासतो म्हणणारे ब्रश घेऊ नयेत. प्रत्येक मुलाची दंतपंक्ती वेगळ्या रुंदीची आणि वेगळ्या वळणाची असते, साचा मात्र एकच. त्यामुळे तंतू काही दातांवर दबतात, काहींना शिवतही नाहीत, आणि हिरडीच्या कडेला, जिथे प्लाक सगळ्यात जास्त साचतो, तिथे कोनात टेकतच नाहीत.

ब्रश घरी आला की पहिल्याच रात्री तो चालू करून तोंडात घालणं ही नेहमी होणारी चूक. एकदा मूल दचकलं की ते पुढचे कित्येक दिवस तोंड उघडत नाही. पहिले दोन दिवस ब्रश बंद ठेवूनच घासावं, फक्त नव्या आकाराची सवय होऊ द्यावी. मग चालू ब्रश मुलाच्या तळहातावर, नखावर, हवं तर गालावर बाहेरून टेकवावा. त्यानंतर पुढच्या एका दातावर, तीन आकडे मोजेपर्यंत, आणि सांगितलेला आकडा संपला की खरोखर काढून घ्यावा. हा शब्द पाळणं फार महत्त्वाचं आहे. पुढे दाढांकडे सरकत जावं. आठवडा लागला तरी चालेल. कवटीच्या हाडातून तो आवाज आतून मोठा ऐकू येतो, बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तो तेवढा जाणवत नाही, हे ध्यानात असू द्यावं.

घासताना मुलाच्या पाठीमागे उभं राहावं आणि त्याचं डोकं आपल्या पोटाला टेकवून घ्यावं. डाव्या हाताने हनुवटी धरून त्याच हाताच्या बोटाने ओठ आणि गाल बाजूला करायचे, उजव्या हातात ब्रश. असं केलं की वरच्या दातांची हिरडीची कड स्वच्छ दिसते. आणि तिथेच बघायचं असतं. वरच्या पुढच्या चार दातांवर, हिरडीला लागून खडूसारखी पांढरट, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण आहे. या टप्प्यावर खड्डा पडलेला नसतो. फ्लोराइड आणि नीट घासणं यांनी ती थांबवता येते. दंतवैद्यांना दाखवायला तेवढं कारण पुरेसं आहे.

ब्रश हिरडीकडे किंचित तिरका धरायचा आणि हलवायचा नाही. साध्या ब्रशची सवय असलेल्या हाताला हे अवघड जातं. मोटरच्या ब्रशाने खसाखसा घासलं तर त्याची स्वतःची हालचाल मोडते. दातावर टेकवायचा, दोन-तीन सेकंद थांबायचं, पुढच्या दातावर न्यायचा. तोंडात गेल्यावर चालू करायचा, तोंडातच बंद करून बाहेर काढायचा.

टूथपेस्टमध्ये फ्लोराइड किमान 1000 पीपीएम असावं. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे सुमारे 0.1 ग्रॅम; तीन ते सहा वर्षांत मटाराच्या दाण्याएवढी, सुमारे 0.25 ग्रॅम. 1000 पीपीएम म्हणजे एका ग्रॅममध्ये 1 मिलिग्रॅम फ्लोराइड. मटाराएवढी सगळी पेस्ट गिळली तरी पोटात जातं 0.25 मिलिग्रॅम. जाहिरातीतल्यासारखा पूर्ण ब्रशभर पट्टा दिला तर हाच आकडा तीन-चार पट होतो, आणि या वयात हिरडीखाली कायमचे दात घडत असताना रोज इतकं फ्लोराइड गिळणं बरं नाही, पुढे त्या दातांवर पांढरे डाग उमटतात. लहान गोल डोक्यावर पेस्टचा गोळा ठेवला तर चालू करताच तो उडतो. बोटाने तो तंतूंच्या आत दाबून बसवावा. घासून झाल्यावर थुंकायचं, चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइडचा पातळ थर दातांवर राहतो. रात्री लाळ कमी होते, म्हणून रात्रीच्या घासण्यानंतर पाण्याशिवाय काहीही द्यायचं नाही.

नवा ब्रश खरंच काम करतो का हे बघायचं असेल तर प्लाक रंगवणाऱ्या गोळ्या मिळतात. एक चावून, तोंडभर फिरवून थुंकली की जिथे थर राहिलाय तिथे दात गडद रंगतो. जुन्या ब्रशनंतर एकदा आणि नव्या ब्रशने पंधरा दिवस घासल्यावर एकदा, असं करून बघावं. रंग बहुधा ठरावीक जागीच दिसतो: खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला, वरच्या शेवटच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला आणि ज्या हाताने ब्रश धरतो त्याच बाजूच्या सुळ्यांजवळ. मुलांना हे दाखवलं की त्यांना आपोआप कळतं, सांगावं लागत नाही. कपडे मात्र जुने घालावेत.

मुलं ब्रश चावतात. त्याने तंतू आडवे होतात, आणि तंतू बाहेरच्या बाजूला पसरले की डोकं बदलायचं, तीन महिने झाले नसले तरी. तीन महिने ही कमाल मर्यादा आहे. डोकं दांड्यावर डुगडुगायला लागलं, त्यावर बारीक चीर दिसली किंवा तंतूंचा एक झुबका सुटला, तर त्या दिवशीच फेकून द्यावं. 2012 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सेलवर चालणाऱ्या एका ब्रशबद्दल इशारा दिला होता, त्याचं डोकं वापरताना तुटून दात आणि तोंड दुखावल्याच्या तक्रारी आल्या होत्या. म्हणून घेण्याआधीच जोडीची डोकी वेगळी मिळतात का ते पाहावं. रोज घासून झाल्यावर डोकं काढून, त्याची नळी आणि खालचा दांडा धुवून, दोन्ही वेगवेगळे उभे वाळू द्यावेत. न काढता ठेवलं तर आत टूथपेस्ट, लाळ आणि पाणी यांचा काळा चिकट थर बसतो. आणि ब्रश तोंडात असताना मुलाने चालायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. पळताना पडून टाळूत ब्रश घुसल्याच्या जखमा लहान मुलांत होतात.

दोन दाढांच्या मधली जागा कोणत्याच ब्रशाने साफ होत नाही, मोटर कितीही चांगली असो. दुधाच्या दाढा एकमेकींना चिकटल्या की तिथे दोरा, म्हणजे फ्लॉस घालावा लागतो. हातात धरायच्या छोट्या धनुष्यासारख्या फ्लॉसने रात्री दोन्ही बाजूंना मिळून अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वर-खाली दोन्ही बाजूंना, पहिली कायमची दाढ येते. कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं कित्येक घरांत कळतही नाही. तीही दुधाचीच समजली जाते. वर येईपर्यंत कित्येक महिने ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, तिच्या माथ्यावर खोल रेघा असतात आणि सरळ नेलेला ब्रश तिच्यावरून न टेकताच निघून जातो. या काळात ब्रश गालाच्या कडेने आत घालून, आडवा वळवून, फक्त त्या एका दाढेवर पाच-सहा सेकंद धरावा लागतो. लहान गोल डोकं इथे खरं उपयोगी पडतं. मुलाने स्वतः घासायला सुरुवात केली असली तरी त्या चार दाढा रोज रात्री मोठ्या माणसाने घासाव्यात, चारही पूर्ण वर येऊन शेजारच्या दाढांच्या पातळीला लागेपर्यंत.